वहीत न लिहिलेलं खाणं

उर्वशी आशाताई होती, आणि दिग्रसजवळच्या तिच्या बंजारा तांड्यात शुगरचा एकही पेशंट तिच्या नजरेतून सुटत नव्हता. गोळ्या कोणी घेतल्या, कोणी उशीखाली दडवल्या, लग्नात कोणी दोनदा बुंदी वाढून घेतली, तिला सगळं ठाऊक. ती येताना दिसली की म्हातारी माणसं चहाची बशी खाटेखाली सरकवायची. किराणा दुकानाच्या भिंतीवर तिनं स्वतःच्या हातानं रंगवलं होतं, ‘कोल्ड्रिंक टाळा, शुगर पळवा’. दुकानदारानं कंटाळून बाटल्या ठेवणंच सोडून दिलं. एवढा दरारा असलेल्या बाईनं एकाच पेशंटपुढे हात टेकले होते, आणि ती पेशंट तिच्याच घरात राहत होती.

ती म्हणजे तिची सासू धनीबाई. वय अडुसष्ट, तोंडात दात तीन, आणि गोडाचा सोस असा की पाहुण्यांच्या पिशवीतला पेढा तिला ओसरीवरूनच समजायचा. दवाखान्यातून मिळालेली कवळी तिनं पितळी डब्यात जपून ठेवली होती, सणावाराला घालायला. तिच्यासाठी उर्वशीनं दोनशे पानी वही केली होती. सकाळी काय खाल्लं, दुपारी काय, संध्याकाळी काय, रोजचं लिहायचं. ज्वारीची भाकर एक, वांग्याची भाजी, ताक. धनीबाई त्या वहीला पोलीस डायरी म्हणायची.

दोघी दिवसातून चारदा भांडायच्या आणि एकीला दुसरीवाचून करमायचं नाही. उर्वशी या घरात आली तेव्हा दहावी नापास होती. तिला पुन्हा परीक्षेला बसवलं ते धनीबाईनं, आणि परीक्षेच्या आठवड्यात चुलीपाशी फिरकूसुद्धा दिलं नाही. उर्वशी तिला याडी म्हणायची, म्हणजे आई, आणि ते नुसतं म्हणण्यापुरतं नव्हतं.

मे महिन्यात याडीचं जेवण तुटलं. दोन घासांत पोट भरायचं, वर ओकारी. उर्वशीनं पोट चाचपलं तर वरच्या अंगाला टणक काहीतरी हाताला लागलं. दिग्रसला सोनोग्राफी झाली. तिथल्या डॉक्टरांनी कागदावर बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, पोटात गाठ दिसते, यवतमाळला न्या. गाठ हा शब्द ऐकून उर्वशीची पाचावर धारण बसली. एसटीत ती सासूच्या शेजारी बसून होती आणि भांडायला एकही विषय तिला सापडला नाही.

यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात धनीबाईच्या घशातून दुर्बीण उतरवली. ती तपासणी करणारे डॉक्टर धम्मरत्न हे वणीकडचे, तिशीतले, चालता चालता पळणारे. ते बाहेर आले ते हसतच.

“ताई, घाबरू नका. कॅन्सर नाही. ही मांसाची गाठच नाही,” ते म्हणाले. “पोटात काहीतरी साचत गेलं आणि त्याचा गोळा झाला. चांगला संत्र्याएवढा आहे. असा पेशंट आम्हाला पाच-दहा वर्षांत एखादाच दिसतो.”

उर्वशीचा जीव भांड्यात पडला, पण अर्धाच. कारण डॉक्टरांनी लगेच पुढचं सांगितलं. गोळा इतका कडक होता की चिमटा त्यावरून घसरत होता, तुकडाही निघत नव्हता. तो केसांचा असेल तर पोट उघडावंच लागणार. झाडपाल्याचा असेल तर विरघळवायचा उपाय होता. तो नेमका कशाचा आहे, हे कळल्याशिवाय ऑपरेशन करणारे मोठे सर थांबायला तयार नव्हते. त्यांनी शुक्रवारी ऑपरेशन धरलं होतं. याडीची शुगर तीनशेच्या घरात. अशा पेशंटची जखम भरताना काय हाल होतात, ते उर्वशीनं तांड्यात स्वतः पट्ट्या बदलताना पाहिलेलं होतं.

“त्या काय काय खातात ते नीट आठवून सांगा,” डॉक्टर म्हणाले.

उर्वशीनं पिशवीतून वही काढली. हा तिच्या आयुष्यातला मोठाच क्षण होता. डॉक्टरांनी पानं चाळली आणि तोंडात बोट घातलं. त्यांनी शिकाऊ डॉक्टरांना बोलावून वही दाखवली, हिस्ट्री अशी लिहायची असते म्हणून ऐकवलं. उर्वशीची मान ताठ झाली. मग डॉक्टरांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वही वाचली आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. भाकर, वरण, ताक, मेथी. यातल्या कशाचाही गोळा होत नाही.

“मावशी, राग मानू नका,” त्यांनी धनीबाईला हळूच विचारलं. “केस तोंडात टाकायची सवय आहे का?”

“डोक्यावरच पुरून नाही राह्यले बाप्पा,” धनीबाई म्हणाली, “खाऊ कोठून?”

त्या दुपारी उर्वशी खाटेजवळ स्टूल ओढून बसली. “याडी, आता खरं सांग. चोरून काय खाल्लं?”

धनीबाईनं आधी कानावर हात ठेवले. मग वॉर्डातल्या पंख्याकडे पाहत एकेक कबूल करायला लागली. होळीला दोन पेढे. नेमसिंगच्या खिशातली चिक्की. नेमसिंग म्हणजे उर्वशीचा नवरा, आणि त्याच्या खिशात चिक्की असते हेही तिला आजच कळलं. अर्धा गुलाबजाम. उर्वशी हळदीकुंकवाला गेली तेव्हा गूळ, मुठीएवढा. उर्वशी लाल पेननं लिहीत गेली. एरवी तिनं आकाशपाताळ एक केलं असतं, पण तेव्हा प्रत्येक कबुलीला तिला बरंच वाटत होतं, यात तरी सापडेल म्हणून. लाल यादी घेऊन ती धावत डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरांनी वाचली आणि मान हलवली. गूळ विरघळतो, पेढाही विरघळतो.

गुरुवार उजाडला. दुपारी भेटायच्या वेळेला सासरे भावसिंग आले. हा माणूस दिवसाला दहा वाक्यं बोलायचा, त्यातली सहा बैलाशी. ते खाटेच्या कडेला टेकले, बायकोकडे पाहिलं, आणि खांद्यावरच्या दुपट्ट्याची गाठ सोडली. आत टेंभरं होती. ज्याच्या पानांच्या विड्या वळतात त्या तेंदूच्या झाडाची फळं, पिवळी, काही पिकलेली, काही अजून तुरट.

“उद्या पोट फाडतेत,” भावसिंग म्हणाले. “मंग कधी भेटते काय माईत. तुले आवडतात म्हनून आनले.”

धनीबाईचे डोळे भरून आले. उर्वशीचेही. सासऱ्यांनी पहाटे उठून टेकडीवर जाऊन ही वेचली असतील आणि एसटीत मांडीवर घेऊन बसले असतील, या विचारानं तिला हुंदका आवरेना. आणि गंमत बघा, पेढ्याच्या वासानं पेटून उठणारी ही आशाताई ओंजळभर गोड फळांकडे पाहत होती आणि तिला त्यात हरकत घेण्यासारखं काहीच दिसत नव्हतं. उलट त्यातलं एक मऊसं निवडून तिनंच सासूपुढे धरलं.

तेवढ्यात डॉक्टर धम्मरत्न आले. “अरे वा, टेंभरं,” म्हणत त्यांनी एक उचललं आणि तोंडात टाकलं. वणीकडच्या माणसाला त्याचं काय अप्रूप सांगायचं. दोनदा चावलं आणि त्यांचं तोंड तसंच थांबलं.

“मावशी, तुम्ही हे खाता?”

“हे कुठं खाणं हाय?” धनीबाई म्हणाली. “पानं तोडाले गेली का झाडाखाली टाकते तोंडात.”

“रोज?”

“पानाचे दिवस हायेत तवरी रोजच.”

“किती?”

“मोजते कोन? ओटा भरते नं खाते.”

“काही खाऊन जाता, का उपाशीपोटी?”

“सकाळच्या पारी कोनाची भाकर झाली राह्यते?”

“आणि साल? चावता कशानं?”

“साल सोलत बसू का पानं तोडू? अन् चावाले दात कुठं हायेत? गिळते.”

डॉक्टर उर्वशीकडे वळले. “ताई, हे वहीत नाही.”

“सर, वहीत मी जेवणाचं लिहिते,” उर्वशी म्हणाली. “हे तर रानातलं...” आणि तिला आठवलं. त्याच झाडाखाली कितीदा तरी तीही याडीजवळ बसली होती. दोघींनी याडीच्या पदराच्या एकाच ओट्यातली टेंभरं खाल्ली होती, आणि घरी आल्यावर तिनं वहीत लिहिलं होतं, सकाळी काही नाही.

समोरच्या खाटेवर केळापूरकडची एक बाई होती. ती उठून बसली. “रानातलं कोनी लिहिते काय वो डाक्टरसाहेब?” तिनं विचारलं. अख्ख्या वॉर्डानं माना डोलावल्या. डॉक्टर खो खो हसायला लागले.

“माही आजी वणीले मले हेच चारे,” ते म्हणाले. दवाखान्याची भाषा त्यांच्या तोंडून केव्हाच गळून पडली होती. “मी सगळं इचारलं, अन् हेच इचाराचं सुचलं नाही. मलेबी ते खाणं वाटलं नाही.”

मग त्यांनी समजावून सांगितलं. शुगरनं पोटाची चाल मंद झालेली, दात नाहीत, त्यात रिकाम्या पोटी सालीसकट तुरट फळं. त्यांचा चीक पोटातल्या आंबटाशी मिळून घट्ट धरतो आणि थरावर थर चढतो. मोठ्या सरांनी ऑपरेशन सोमवारपर्यंत पुढे ढकललं. तोवर गोळा विरघळला तर ठीक, नाहीतर पोट उघडायचं. आणि विरघळवायचं औषध डॉक्टरांनी कागदावर लिहून उर्वशीच्या हातात दिलं. तिनं ते दोनदा वाचलं.

“सर, हे तर कोल्ड्रिंक आहे.”

“काळंच पाहिजे, बिनसाखरेचं. दिवसभर थोडं थोडं पाजायचं. पुस्तकात लिहिलंय, मी माझ्या मनाचं सांगत नाही.”

नेमसिंग सहा दुकानं फिरला तेव्हा बसस्टँडजवळ बिनसाखरेच्या बाटल्या मिळाल्या. शुक्रवारी सकाळी, भिंतीवर घोषणा रंगवलेल्या त्याच हातानं उर्वशीनं पहिला पेला भरला. धनीबाई खाटेवर उशीला टेकून राणीसारखी बसली होती.

“भर, भर,” ती म्हणाली. “डाक्टरनं लिहून देल्लं हाय. तुह्या भितीवर काय लिहिलं ते मी वाचून नाही राह्यली.”

तीन दिवस तिनं एकेक घोट चवीनं घेतला, ढेकर दिली की समोरच्या बाईला ऐकवून दिली. हसत होती ती एकटीच. उर्वशी दर तासाला वहीत लिहायची, अर्धा पेला, पाव पेला, आणि सोमवारला किती तास उरले तेही कडेला मांडायची.

सोमवारी याडीला पुन्हा आत नेलं. बाहेरच्या बाकावर भावसिंग आणि उर्वशी बसले. भावसिंग दिवसाची दहाही वाक्यं राखून होते. दीड तासानं दार उघडलं आणि धम्मरत्न बाहेर आले. त्यांच्या हातात काचेची बरणी होती, आत तपकिरी चोथा.

“साबणासारखा मऊ झाला होता,” ते म्हणाले. “चिमट्यानं फोडला, तुकडे तुकडे काढले. पोट साफ आहे. ऑपरेशन नाही.”

उर्वशी तिथंच फरशीवर बसली आणि रडता रडता हसत सुटली. इतका आनंद तिला दहावी पास झाल्याच्या दिवशीही झाला नव्हता. भावसिंगांनी बरणीकडे निरखून पाहिलं आणि विचारलं, “माह्या टेंभरानं एवढं केलं?” डॉक्टर म्हणाले, आता मावशींना टेंभरं बंद, आणि बरणी मात्र आम्ही पोरांना शिकवायला ठेवून घेतो.

घरी आल्यावर उर्वशीनं वहीत चौथा रकाना आखला, झाडाखाली. आता तांड्यात घरोघरी गेली की ती जेवणाचं विचारायची आणि मग विचारायची, रानात काय खाल्लं, वावरात काय खाल्लं. लोक चकित होऊन कैऱ्या, चिंचा, जांभळं सगळं सांगायचे.

आठवड्यानं एका दुपारी ती याडीचं लिहायला बसली. धनीबाईनं सगळं सांगितलं, चौथ्या रकान्यात काही नाही म्हणून शपथ घेतली, आणि मग विचारलं, “तू काय खाल्लं आज?”

“मी? अजून काहीच नाही.”

“भाकरी टाकता टाकता कडेचा तुकडा मोडला. तुह्या पोरीच्या ताटातला भात निपटला. चहा उभ्यानं पेली. मी पाह्यलं. ते खाणं नोहे काय?”

उर्वशीनं पेन खाली ठेवलं. सकाळपासून ती चार घरं, एक लसीकरण आणि दोन वेळचा सैपाक करून बसली होती, आणि काही खाल्लं नाही हे ती अगदी मनापासून म्हणाली होती.

“नवं पान काढ,” धनीबाई म्हणाली. “वर तुह्यं नाव लिही. अन् आता खाली बस.” गुडघ्यावर हात टेकत ती उठली, आणि ताट वाढून सुनेपुढे ठेवलं. ते रिकामं होईपर्यंत ती समोरून हलली नाही.

हात धुऊन उर्वशीनं नव्या पानावर पहिली ओळ लिहिली. दुपारी, बसून, भाकरी दोन.