वाटेत उघडलेलं दार

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. अब्बांची मेल्यावरही गेली नाही. ती त्यांच्या धाकट्या भावाच्या, चाचांच्या हाताला लागून राहिली.

कत्तलखान्यातून हलाल मांस उचलायचं आणि थंड गाडीतून हॉटेलांच्या स्वयंपाकघरांना पोचवायचं, हा घरचा धंदा. अर्ध्या वाटेवर, पेट्रोलपंपाशी, अब्बा मागचं दार उघडून बघत. आकड्याला टांगलेलं काही निसटून खाली टेकलं तर नाही ना? याला ते मालाची विचारपूस म्हणत.

ते गेले, गाडी चाचा चालवू लागले आणि हॉटेलवाल्यांनी भेसळ टाळायला नवा नियम काढला. माल कुठून निघाला, मध्ये दार उघडलं का, सगळं फोनवर दिसलं पाहिजे. धंदा हाती घेतलेल्या अब्बांच्या मुलीने दाराला सेन्सर बसवून घेतला.

"वाटेत दार उघडायचं नाही, चाचा. उघडलं की माल परत."

"आणि आत काही पडलं तर?"

"पडू दे."

"हे तुझ्या अब्बांनी ऐकलं असतं तर..."

"आता मशीन ऐकतंय. तेवढं बघा."

चाचांनी हसून मान डोलावली. पालथ्या घड्यावर पाणी. पहिल्यांदा दार उघडलं तेव्हा हॉटेलाकडून सूचना आली, मग ताकीद. त्यानंतर भरलेली गाडी तशीच परत आली आणि काम सुटलं.

मुलगी हॉटेलच्या खरेदीच्या साहेबांना भेटायला गेली. त्यांनी आधी चहा मागवला, तेव्हाच तिला उत्तर कळलं.

"तुमच्या घरावर शंका नाही, ताई. पण दार का उघडलं, असं गिऱ्हाइकाने विचारलं तर?"

"माल बघायला."

"आणि बघणाऱ्याकडे कोण बघत होतं?"

तिने चहाचा कप खाली ठेवला. गाडीच्या नावापुढे लागलेला लाल शेरा आता फोनवर सगळ्याच हॉटेलांना दिसत होता.

गाडी विकायला काढली. अब्बांनी तिच्यात हलालशिवाय दुसरं काही कधी भरू दिलं नव्हतं. घेणारा म्हणाला, "मी मिळेल ते भरीन."

"मिळेल ते?" चाचांनी विचारलं.

"गाडीला काय कळतंय, काका?"

गाडी पोचवायला मुलगी आणि चाचा दोघं निघाले. चाचांनी ती सकाळीच कोपरे घासून धुतली होती. पेट्रोलपंपाशी त्यांनी ती बाजूला घेतली आणि उतरले. तिच्या हातातला फोन थरथरला. दार उघडलं होतं.

बऱ्याच वेळाने ते लागल्याचा आवाज आला. चाचा येऊन बसले.

"आत काही नाही," ते म्हणाले.

"माहीत आहे, चाचा."