पाण्याला भिणारे ज्योतिस्वामी

चेन्नईत, मैलापूरच्या आमच्या घराबाहेर चपलांचा ढीग जिन्यापर्यंत गेला होता. शिष्यांनी दुपारीच आणून मांडलेल्या, रेशमाने झाकलेल्या चौरंगावर ज्योतिस्वामी बसले होते. हातात सुटी ट्यूबलाइट. ना वायर, ना बटण, तरी चांदणं सांडावं तशी उजळलेली! शेजारणी गालांवर चापट्या मारत "मुरुगा, मुरुगा" करत होत्या.

दोन हजार तीनचं ते सौर वादळ पेपरांत गाजत होतं. स्वामींना तेवढं पुरलं.

"सूर्याची शक्ती पृथ्वीच्या कवचात, कवचातून माझ्यात! गुरुराज, तुमच्या छातीतली बॅटरी मी भरतो. ऑपरेशन कशाला?"

चौरंगाला टेकून बसलेल्या अप्पांच्या पेसमेकरची बॅटरी संपत आली होती, आणि ते डॉक्टरांची तारीख टाळत होते. मी तांबरमच्या कॉलेजात फिजिक्स शिकवते. पोरांना कळतं, बापाला नाही.

"अप्पा, ती बॅटरी बाहेरून भरत नसते हो!"

"सुनेत्रा, तुझं नुसतं लेक्चर. सामी उजेड दाखवतात."

आई पाद्यपूजेचा तांब्या घेऊन आली. स्वामींनी हात आडवा केला. "जलस्पर्श नको. व्रत आहे."

आमच्या तंजावरी घरात पाय धुतल्याशिवाय गुरूला कुणी पुजत नाही. हा कसला पाण्याला भिणारा गुरू? मी तांब्या घेतला आणि चौरंगाकडे नुसता कलता केला.

"अगं ए, पाणी नको! खाली करंट आहे!" स्वामी उडी मारून उभे.

चौरंगाखालून एक वायर पडद्यामागे गेली होती. पडद्यामागचा प्लग मी उपटला. ट्यूब विझली. रेशीम उचललं, तर खाली तारेच्या वेटोळ्यांची कॉइल.

"बघा! हिचं विद्युतक्षेत्र सारखं दिशा बदलतं, ट्यूबमधल्या इलेक्ट्रॉनांना झोके देतं. ते वायूवर आदळतात, उजेड पडतो. कुणाच्याही हातात पडेल! वर आकाशात सूर्याचा वारा पृथ्वीच्या चुंबकीय रेषा मागे ताणतो. त्या तुटतात, पुन्हा जुळतात, ताणलेल्या रबरासारख्या परत येतात, आणि कणांना वेग मिळतो. ते हवेवर आदळले की उजेड पडतो, पण तो ध्रुवांकडे दिसतो, चौरंगावर नाही. आणि अप्पा, असल्या यंत्रापासून लांब राहा म्हणून डॉक्टरांनी बजावलंय. तुम्ही त्यालाच चिकटून बसलात!"

"पण सामींचं तेज..." एक शेजारीण पुटपुटली.

"तेज हवंय? भिंतीत परत खोचू का?" मी प्लग दाखवला.

अप्पांनी छातीवर हात ठेवला. "अंबुजा," ते आईला म्हणाले, "डॉक्टरांना फोन लाव."

आकाश खरंच अद्भुत आहे हो. पण कुणी ते तुमच्या घरात उतरवून दाखवू लागला, तर नमस्काराआधी त्याचा चौरंग उचलून बघा. आणि डॉक्टरांची तारीख तेवढी चुकवू नका.