मांबलमची होडी

राघोत्तमरावांनी खिशातला चाकू काढला, न उघडताच उलटा धरला आणि त्याच्या मुठीनं होडीच्या बुडावर टकटक करीत ते एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकू लागले. होडी मद्रास बंदराच्या आवारात दोन ओंडक्यांवर पालथी ठेवली होती. अठरा वर्षांची तुळसी कान देऊन बापाच्या मागे चालत होती. टक, टक, टक, आणि मधल्या फळीच्या खाचेपाशी एकदम बद्द.

"काय आहे तिथं?" त्यांनी विचारलं.

"पाणी मुरलंय, अप्पा. पण थोडंच. फळी बदलता येईल."

राघोत्तमराव खूश झाले. होडीचा मालक, कस्टम्समधला एक गृहस्थ, मात्र हिरमुसला. पोरीनं होडीला खोट काढावी आणि बापानं मान डोलवावी, हे काही त्याला रुचलं नाही.

बंदराच्या ऑफिसात नकाशे काढणारा हा तंजावरी मराठी माणूस शिडाच्या होडीच्या नादी कसा लागला, हे त्याच्या बायकोला, महालक्ष्मीबाईंना, एवढ्या संसारात उमगलं नव्हतं. बरं, स्वतः लागला तो लागला, मुलीलाही लावलं. दर रविवारी बापलेक होड्यांच्या क्लबाची एक जुनाट होडी घेऊन बंदराच्या आतल्या पाण्यात फिरत. अप्पा मागे सुकाणूवर, तुळसी पुढे लहान शिडाच्या दोरीवर. होडी वळते तेव्हा मोठ्या शिडाखालची आडवी काठी डोक्याच्या उंचीवरून झपकन या बाजूची त्या बाजूला जाते. म्हणून सुकाणूवाल्यानं आधी "तयार?" असं विचारायचं, पुढच्यानं "तयार" म्हणायचं आणि मगच वळायचं, हा त्यांनी तिला दिलेला पहिला धडा. ती परकर सावरत होडीत चढायची तेव्हापासून तिच्या उत्तराशिवाय ते एकदाही वळले नव्हते.

पोंगलच्या, म्हणजे तिकडच्या संक्रांतीच्या, शर्यतीत मात्र क्लबाच्या होड्या चालत नसत. ज्याची त्यानं आणायची. म्हणून यंदा स्वतःची होडी घ्यायचं ठरलं होतं, आणि राघोत्तमरावांनी शब्द दिला होता, की त्या होडीत सुकाणू तुळसीच्या हाती राहील आणि ते स्वतः दोरीवर बसतील. हा शब्द तुळसी रोज एकदा मनातल्या मनात काढून पाहत असे.

पण होडी मिळायला हवी ना. मायदेशी परतणाऱ्या एका इंग्रज इंजिनियरची होडी पानासारखी हलकी होती. किंमत ऐकल्यावर राघोत्तमरावांनी तिच्या रंगाची तारीफ केली आणि घरचा रस्ता धरला. कस्टम्सवाल्याची परवडण्यासारखी होती, पण जड आणि रुंद. तिच्यात बसून शर्यत जिंकायची म्हणजे म्हशीवर बसून घोड्यांना गाठायचं. तुळसीनं नको म्हटलं आणि त्यांनी ते मानलं.

मग एका संध्याकाळी राघोत्तमराव ऑफिसातून आले ते बातमी घेऊनच. शहराच्या आतल्या अंगाला, वेस्ट मांबलमला, महालक्ष्मीबाईंचे लांबचे भाऊ मालोजीराव राहत होते. त्यांच्या परसात प्लायवुडची एक हलकी होडी होती म्हणे, आणि नात्यातल्या माणसाला ते ती स्वस्तात देणार होते. समुद्रापासून इतक्या लांब होडी काय करते, हे तुळसीच्या मनातही आलं नाही. रविवारी जायचं ठरलं.

रविवारी आईनं तिच्यापुढे डाळिंबी रंगाची रेशमी साडी ठेवली. होडी पाहायला रेशीम कशाला, असं तिनं विचारलं. तर परतताना देवळात जायचं आहे, आणि भावाच्या घरी पहिल्यांदा नेताना डांबराचे डाग पडलेल्या कपड्यांत नेऊ का, असं आईचं उत्तर तयारच होतं. आईनं तिच्या वेणीत गजराही माळला. राघोत्तमराव तोवर दारात उभे राहून मनगटावरच्या घड्याळाला किल्ली देत होते. किल्ली केव्हाच पुरती बसली होती, तरी देत होते.

होडी खरंच देखणी होती. मालोजीरावांच्या परसात, शेवग्याखाली, विटांवर पालथी, नुकताच पांढरा रंग दिलेली. तुळसीनं पदर खोचला आणि तिची एक बाजू उचलून पाहिली. ती सहज उचलली गेली. हीच घेऊ या, असं ती अप्पांना म्हणाली आणि त्यांना जागा द्यायला बाजूला सरकली. राघोत्तमरावांनी होडीवरून हात फिरवला, बेस आहे म्हणाले, आणि आत चला म्हणाले. चाकू त्यांनी काढलाच नाही.

तिला ते खटकलं. पण रंग नवा आहे, त्यावर ठोकायला नको वाटलं असेल, अशी समजूत तिनं घालून घेतली.

आत जमखाना अंथरला होता आणि त्यावर पाहुणे बसले होते. सेलमचं एक मराठी जोडपं आणि त्यांचा बँकेत नोकरीला असलेला मुलगा. आईनं तुळसीला शेजारी बसवून घेतलं. सेलमच्या बाईंनी तिला नक्षत्र विचारलं, मग गाणं येतं का विचारलं. मग मालोजीरावांच्या बायकोनं, त्रिपुरसुंदरीमामींनी, आतून ताट आणून तिच्या हाती दिलं आणि सगळ्यांपुढे फिरव म्हणाल्या. ताटात रव्याची केशरी सोज्जी होती आणि कच्च्या केळ्याची बज्जी.

मद्रासेत वाढलेल्या मुलीला यापुढे काही सांगावं लागत नाही. गोडाची सोज्जी आणि तिखट बज्जी एका ताटात येतात त्या दिवशी घरात मुलगी दाखवायची असते. रीतीप्रमाणे हे सगळं मुलीच्या घरी व्हायचं. पण मागच्या खेपेला पाहुणे दारात आले तेव्हा तुळसी मागच्या दारानं बंदरावर पळाली होती, म्हणून या खेपेला घरच बदललं होतं. तिनं ताट एकेकापुढे धरलं. अप्पांपुढे आल्यावर ती थांबली. त्यांनी ताटाकडेच पाहत एक बज्जी उचलली.

सेलमच्या बाईंनी तिचा हात हाती घेऊन तळवा चाचपला. दोरीनं पडलेले घट्टे त्यांच्या बोटांना लागले.

"घरकाम फार करते," आईनं परस्पर सांगून टाकलं.

एवढं होऊनही तुळसीनं आशेचं एक टोक धरून ठेवलं होतं. आपल्याला दाखवायचं होतं ते असो, पण होडीही दाखवायची होतीच ना. दोन्ही खरं असू शकतं. रिकामं ताट घेऊन ती स्वयंपाकघरात गेली तेव्हा तिनं मामींना विचारलं, होडी कधी न्यायची.

"न्यायची? कुठं न्यायची?"

"आम्ही विकत घेतोय ना, मामी."

"कोण सांगितले, विकायची म्हणून?" मामींना हसू आलं. "आमच्या विजयची होडी ती. तो नेव्हीतून पोंगलला येणार म्हणून रंग देऊन ठेवलोत. तुझ्या अप्पांना ठाऊक आहे की."

तुळसीनं ताट विसळलं. स्वच्छ झालेलं ताट पुन्हा विसळलं. आईचा तिला तेवढा राग आला नाही. आई कधी होडीच्या बाजूची नव्हतीच. पण अप्पा तिचे होते. चाकू का निघाला नाही हे तिला आता समजलं. जी घ्यायचीच नाही ती ठोकून कशाला पाहायची. त्यांचा राग इतका आला की रडूही येईना.

परतताना कोणी देवळाचं नावही काढलं नाही. घरी आल्यावर ती वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेली, तसे राघोत्तमराव मागोमाग आले. स्थळ चांगलं आहे, मुलगा निर्व्यसनी आहे, आधी सांगितलं असतं तर तू आली नसतीस असं तुझी आई म्हणाली, असं बरंच काही ते बोलले. तुळसीनं ते पुरतं होऊ दिलं.

"होडीचं कोणाला सुचलं, अप्पा?"

राघोत्तमराव दोरीवरच्या धोतराची सुरकुती काढत राहिले.

"तुला विचारायचं राहून गेलं, अम्मा," ते शेवटी म्हणाले. माया आली की ते मुलीला अम्मा म्हणत.

ती कपड्यांचा ढीग उचलून खाली गेली.

चार दिवसांत मांबलमहून निरोप आला. मुलगी पसंत होती. पोंगलनंतरचा मुहूर्त धरायचा होता. महालक्ष्मीबाईंनी देवापुढे साखर ठेवली, शेजारीपाजारी सांगून झालं, आणि तुळसीनं हो म्हटलं आहे असं घरात प्रत्येक जण धरून चालला. सेलमला समुद्र नाही. हे सगळ्यांनाच माहीत होतं.

त्याच आठवड्यात राघोत्तमरावांनी कस्टम्सवाल्याची जड होडी घेऊन टाकली. कुजकी फळी त्यांनी स्वतः बदलली, रंग दिला, नव्या दोऱ्या ओवल्या. रविवारी तिला बंदरावर घेऊन गेले. होडी पाण्यात उतरल्यावर ते आपणहून पुढे जाऊन बसले.

"सुकाणू घे. शब्द दिला होता ना," ते म्हणाले.

तुळसीनं सुकाणूचा दांडा हाती घेतला.

होडी म्हैस ती म्हैसच, पण वारा बरा होता. शिडात वारा भरला आणि होडी लाटा अडवणाऱ्या दगडी भिंतीच्या रोखानं निघाली. राघोत्तमराव तिच्याकडे पाठ करून बसले होते. दोरी हातात, कान मागे. ती छान चालवते आहे असं ते दोनदा म्हणाले. भिंतीवरचे खेकडे दिसू लागले. आता ती विचारणार म्हणून त्यांनी दोरी सैल करायच्या बेतानं धरली.

तुळसीनं दांडा लोटला.

काठी फिरली आणि त्यांच्या खांद्यावर बसली. टोपी उडून पाण्यात पडली. ते होडीच्या तळाशी बसकले, हातातली दोरी निसटली आणि पुढचं शीड फडफडू लागलं.

"अगं, विचारायचं नाही का?"

"राहून गेलं, अप्पा," तुळसी म्हणाली.

त्यांनी वळून तिच्याकडे पाहिलं. ती शिडाकडे पाहत होती, सुकाणूवाल्यानं पाहायचं तसं. ते खांदा चोळत राहिले. मग चाचपडत त्यांनी दोरी शोधली आणि ओढून धरली. टोपी मागे मागे जात होती. तिच्यासाठी परत फिर असं काही त्यांनी म्हटलं नाही.

पलीकडचा धक्का, जिथं पुन्हा वळायचं होतं, जवळ येऊ लागला. तो यायला अजून बराच अवकाश होता, तेव्हाच राघोत्तमराव गुडघ्यांत डोकं घालून वाकले, आणि तसेच बसून राहिले.