मोकळा बसलेला कृष्णात

"जित्या माणसाला बांधत्यात व्हय? तिरडीवर बांधत्यात! मी न्हाय बसत." सुलाबाईनं गाडीच्या दारातच पाय रोवला.

झालं! कृष्णातनं कपाळावर हात मारला. सत्त्याऐंशी साल. त्याच्या पोरानं, परशरामनं, खडेबाजारातल्या एका डॉक्टरांची जुनी गाडी घेतलेली. निपाणीहून बेळगावला धाकट्या लेकीचं बाळ बघायला निघायचं, आणि बायको सीटच्या पट्ट्यावरून अडून बसलेली. पट्टे पुढच्या दोनच सीटांना. एक पोराचा, दुसरा सुलाबाईचा, हे कृष्णातनं मनाशी ठरवूनच टाकलं होतं.

उभी हयात त्यानं तंबाखूची पोती ट्रकवर चढवून दोऱ्या आवळल्या होत्या. बांधणं कशासाठी, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं.

"अगं, ब्रेक लागला की ट्रक थांबतोय, पोती थांबत न्हाईत. दोरी ढिली असली तर वरचं पोतं थेट डायव्हरच्या डोक्यावर."

"मला पोतं म्हणताय?"

"तीस वर्षं संसार केलाय, म्हणणारच की!"

ती हसली, आणि हसण्याच्या नादात बसली. पट्टा तिनं पोटावर सैल सोडला, तसा त्यानं तो खाली कमरेच्या हाडावर ओढला, वरचा छातीवरून खांद्यावर घेतला, बोट घालून ताण बघितला. इतक्या मायेनं त्यानं एकही पोतं बांधलं नव्हतं. मग स्वारी मागं ऐसपैस बसली.

संकेश्वरच्या अलीकडं रेडकू आडवं आलं. परशरामनं करकचून ब्रेक दाबला. सुलाबाई पुढं झुकली आणि पट्ट्यानं तिला तिथंच धरलं. मागून कृष्णात उडाला, त्याचं कपाळ पुढच्या सीटच्या लोखंडावर आपटलं.

रक्त डोळ्यात उतरत होतं, तरी त्यानं आधी विचारलं, "तुला लागलं का गं?"

तिचा खांदा तेवढा ठणकत होता. त्याच्या जिवात जीव आला. पण सुलाबाईला पट्टा सोडता येईना. परशरामनं खटका दाबला तशी ती मागं धावली, पदरानं जखम दाबून धरली आणि जी सुरू झाली!

"लई शाणं लागून गेलासा! जगाचा माल बांधलासा, आन् सवता मोकळं बसलासा? तुमी गेल्यावर मी एकटी मागं राहून काय करू?" तिला रडूच कोसळलं.

कृष्णातनं तिचा हात धरला.

डोळे पुसून ती पोरावर खेकसली, "आधी डॉक्टर, मग गॅरेज, मग बाळ. मागं दोन पट्टे बसवून घे."

"दोन कशाला, आये? तू पुढं हाईस की."

"मीबी आता मागंच बसणार. ह्यांचा पट्टा मी आवळणार. ह्या माणसावर माझा इस्वास न्हाय."