पाळधीपर्यंत

तापमानाचा काटा लाल पट्ट्याला टेकला तसं प्रेमराजनं इंजिन बंद केलं आणि जीप उताराच्या जोरावर रस्त्याकडेच्या निंबाखाली नेऊन उभी केली. बॉनेटच्या फटींतून वाफ निघत होती. तो खाली उतरून बॉनेटची कडी चाचपडतोय, तेवढ्यात समोरच्या रसवंतीतून एक म्हातारी बाई भरलेली बादली घेऊन आली. बादली तिनं चाकापाशी ठेवली. दुसऱ्या हातातलं ओलं गोणपाट बंपरवर टाकलं.

"आबा नही उनात?" तिनं विचारलं.

प्रेमराजनं मान वर केली. "तुम्ही ओळखता आबांना?"

"गाडीले वळखस मी. लांबथून आवाजच येस तिना." तिनं त्याला नीट न्याहाळलं. "तू कोन त्यासना?"

"मुलगा."

"वरनगाववाला?"

त्यानं मान डोलावली. पाळधीच्या अलीकडे या रस्त्यावर तो कधी थांबला नव्हता. इथल्या बाईला आपलं गाव ठाऊक कसं, हे त्याला कळेना. पण उन्हानं आणि वाफेनं डोकं आधीच तापलं होतं, शिवाय जळगावात भंगारवाला वाट पाहत होता. म्हणून त्यानं विचारलं नाही.

जीप भडगावच्या बाजूला गावी, अंगणात उभी होती. झुलाल आबा दिवाळीत शेताच्या बांधावरून पडले, खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून ते धुळ्याला पुनमकडे, म्हणजे प्रेमराजच्या बहिणीकडे खाटेवर होते. घराला कुलूप. अंगणातल्या जीपमध्ये कोंबड्या अंडी घालायला लागल्या, असं शेजाऱ्यांनी कळवलं तेव्हा प्रेमराजनं सुटी काढली आणि ती विकून टाकायचं ठरवलं. आबांना त्यानं विचारलं नव्हतं. तसंही दोघांचं बोलणं "गोळ्या घेतल्या का" आणि "हा" एवढ्यावरच आलं होतं.

"थांब जरासा," बाई म्हणाली. "झाकनले हात नको लावू आते. आबा तं ती गार व्हस तवलोंग बिडीबी पेटाडतस नही."

तिचं नाव शेवंताबाई. तिनं न विचारता उसाचा रस आणून दिला आणि बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला बसली.

"आबा इथं यायचे?" अखेर प्रेमराजनं विचारलं.

"येतस ना. आठेलोंगच येतस. गाडी तापस, पानी टाकतस, बठतस. मंग मांगे फिरी जातस." तिनं पदरानं कपाळ पुसलं. "मांगे दादर जवारीना पोता राहतस दोन. मी म्हनस, कोठे लयी चालनात? तं म्हनतस, वरनगावले पोऱ्या शे. बंगला बांधा त्यानी."

प्रेमराजच्या हातातला ग्लास तसाच राहिला.

"किती वेळा आले?"

"आते मी काय मोजस का? दर सुगीले येतस. दिवाळी पुढे दिसनात नही."

वास्तुशांतीचं आमंत्रण प्रेमराजनं फोनवर दिलं होतं. तेव्हा तो कारखान्यातल्या मित्रांबरोबर कँटीनमध्ये बसला होता आणि फोन स्पीकरवर होता. "बसनं या, आबा," तो म्हणाला होता, "त्या डबड्यात बसू नका. एरंडोलच्या पुढं यायचं नाही ते." मित्र खो खो हसले. आबाही पलीकडे हसल्यासारखं वाटलं होतं. "बरं," एवढंच म्हणाले. वास्तुशांतीला ते आले नाहीत, पुढे कधीच आले नाहीत. यशोदाबाई, त्याची आई, असती तर तिनं दोघांचे कान धरले असते. ती नव्हती. बापाला पोराच्या घराची असूया आहे, असं प्रेमराजनं ठरवून टाकलं आणि गावी जाणं सोडलं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे दोघेही एकाच सुंभाचे.

"पाणी टाकून पुढं का नाही गेले?" त्याचा आवाज चढला. जणू चूक शेवंताबाईचीच होती. "जळगाव इथून किती लांब? पुढं पुन्हा टाकायचं पाणी."

"मीबी तेच म्हनं. तं म्हने, आठे बंद पडनी तं पडनी. त्याना दारशी बंद पडनी तं?"

प्रेमराजनं ग्लास बाकड्यावर ठेवला. तो उठून जीपकडे गेला.

त्याची खात्री होती की हेड गॅस्केट, इंजिनाच्या माथ्याखालचं मोठं पॅकिंग, गेलं असणार. इतकं जुनं इंजिन, इतकं पाणी पितंय म्हटल्यावर दुसरं काय? त्यानं ऑइलची पट्टी ओढून बोटावर पुसली. ऑइल काळं होतं, पण त्यात पाण्याचा दुधाळपणा नव्हता. पाण्याच्या पंपाखाली हात घातला तर तिथं धूळ, कोरडी. नळ्यांचे सांधे कोरडे. रेडिएटर निवाला तसं त्यानं गोणपाट टाकून झाकण काढलं, बादली ओतली, इंजिन चालू केलं आणि तोंडाशी डोळे लावून बसला. गॅस्केट फुटलं असतं तर बुडबुडे आले असते. पाणी शांत होतं. सायलेन्सरचा धूरही पांढरा नव्हता.

मग पाणी जातं कुठं?

त्यानं झाकण पुन्हा लावलं आणि इंजिन तापू दिलं. इंजिनाकडून रेडिएटरकडे येणारी वरची नळी फडक्यात धरून दाबली. तापलेल्या इंजिनात पाण्याला दाब असतो, नळी टणक व्हायला हवी. ही पिकल्या केळ्यासारखी दबली. झाकणाखालून निघून खाली जाणारी बारीक नळी त्यानं वाकून पाहिली, तर तिच्या तोंडाशी गंजाचा तांबूस ओघळ वाळलेला होता. त्याच्याखालच्या मातीत थेंब पडत होते.

त्यानं इंजिन बंद केलं. पुन्हा निवायची वाट पाहिली आणि झाकण काढून उन्हात धरलं. आतल्या बाजूचं रबर वाळलेल्या चामड्यागत कडक होऊन एका जागी चिरलं होतं. एवढंच. दाब धरणारं रबरच गेलं, म्हणून लांबच्या रस्त्यावर पाणी लवकर उकळायचं आणि बारीक नळीतून रस्त्यावर सांडून जायचं. गाव ते शेत एवढ्या अंतरात इंजिनाला तेवढं तापायला वेळच मिळत नव्हता. म्हणून गावात जीप ठणठणीत होती.

कारखान्यात प्रेमराज हेच काम करायचा. पंपांची, बॉयलरची, कशाकशाची गेलेली रबरं तो रोज बदलायचा. साहेब लोक त्याच्या हाताचं कौतुक करायचे. आबा या बाकड्यावर बसून हेच झाकण दरवेळी हातात घेत होते, पाणी ओतून पुन्हा लावत होते. प्रेमराजनं गावी एक चक्कर मारली असती, बॉनेट उघडून एकदा डोकावला असता, तर चहा होईपर्यंत काम झालं असतं. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की तो बराच वेळ बॉनेटमधून डोकं बाहेर काढेना.

शेवंताबाईचा नवरा भिकन मोटारसायकलवर पाळधीला जाऊन तसंच नवं झाकण घेऊन आला. प्रेमराजनं ते बसवलं, पाणी पूर्ण भरलं, इंजिन तापवलं आणि नळी दाबून पाहिली. आता ती दबत नव्हती.

"व्हयनं का?" शेवंताबाईनं विचारलं.

"झालं."

"मंग आबासले सांग, आते पुढे जावाई."

"सांगतो," तो म्हणाला. त्यानं भंगारवाल्याला फोन करून नाही म्हणून कळवलं आणि जीप उलटी, धुळ्याच्या दिशेनं वळवली.

एरंडोल गेलं, पारोळा गेलं, काटा मधोमध होता. तो जरासुद्धा हलेना, तसा प्रेमराजला त्याचा राग यायला लागला. एकदा तरी वर चढला असता, दुखणं मोठं निघालं असतं, तर बरं वाटलं असतं.

धुळ्यात, देवपुरात पुनमच्या घरासमोर जीप थांबली तेव्हा ऊन उतरलं होतं. तो आत गेला. आबा खाटेवर उताणे होते, पण मान दाराकडे वळवलेली. जीपचा आवाज त्यांनी गल्लीच्या तोंडापासूनच ओळखला असणार. चेहरा निम्मा झाला होता. डॉक्टरांनी आता खुर्चीत बसायलाही बंदी घातल्याचं पुनमनं परवाच सांगितलं होतं, आणि वयाच्या मानानं हाड जुळेल असं काही दिसत नाही, हेही. तेव्हा प्रेमराजनं फोनवर "बरं" म्हटलं होतं.

"कोठलोंग गई?" आबांनी विचारलं.

"पाळधीलोंग." तो खाटेच्या कडेला टेकला. "शेवंताबाई भेटनी, आबा."

आबांनी मान भिंतीकडे फिरवली. भिंतीवर पाल नव्हती की कॅलेंडर नव्हतं, तरी ते तिकडेच पाहत राहिले.

"तिकडे मनं काम राहे," ते म्हणाले. "एरंडोलना बजारना."

"हा. तीबी तेच म्हने."

पुनम चहा घेऊन आली. दोघांकडे आळीपाळीनं पाहून कप ठेवून निघून गेली. आबांनी विचारलं,

"गाडीले काय व्हयेल व्हतं मंग?"

प्रेमराजच्या खिशात जुनं झाकण होतं. त्यानं ते मुठीत घट्ट धरलं. आबा आता भिंतीकडे पाहत नव्हते, थेट त्याच्याकडे पाहत होते.

"मोठं काम व्हतं, आबा," तो म्हणाला. "इंजन खोलनं पडनं. मेकॅनिकबी दोन लागनात. बाहेरथून तं कोनालेच समजतं नही."

आबांच्या कपाळावरची आठी सुटली. त्यांनी उशीवर डोकं नीट टेकवलं.

"तरी मी म्हनू," ते म्हणाले. "बारीक-सारीक राहतं तं मीच करी लेतू. वरनगावले कवयच उनू राहतू तुनाकडे."

"हा, आबा," प्रेमराज म्हणाला, आणि त्यांच्यासाठी बशीत चहा ओतू लागला.