राखी माथ्याचा सारस

चौऱ्याहत्तर साली सोनपंखी चहाच्या पुड्यात पक्ष्यांची चित्रं निघू लागली आणि नागपुरातल्या कितीतरी घरांत गरजेपेक्षा जास्त चहा उकळू लागला. चित्र साधं नव्हतं. पत्त्याएवढ्या पुठ्ठ्यावर बारीक पन्हळीचं चकचकीत प्लॅस्टिक चिकटवलेलं असे. सरळ धरलं की मोर पिसारा मिटून उभा, जरा कलतं केलं की पिसारा फुललेला. असे बारा पक्षी जमवणाऱ्याला कंपनी शिलाई मशीन देणार होती. अकरा पक्षी पुष्कळांकडे जमले. बारावा सारस, तो मात्र कोणाच्याच पुड्यात निघेना.

कंपनीची एजन्सी लकडगंजात भैय्याजींकडे होती. कोणी पूर्ण संच आणला तर चित्रं तपासायचं काम शालिकराम रामटेकेचं. तो आधी छापखान्यात रंगीत छपाईवर होता, म्हणून भैय्याजींनी त्याला मुद्दाम ठेवून घेतला होता. ताडून पाहायला कंपनीनं एक अस्सल सारस पाठवला होता. तो तिजोरीत असे.

पहिला पूर्ण संच आणला कौशल्यानं. ती इंदोरा वस्तीत शालिकरामच्याच गल्लीत राहायची. ब्लाऊज चांगले शिवायची, पण दुसऱ्याच्या मशीनवर, ती रिकामी असेल तेव्हा. बाराही चित्रं तिनं टेबलावर ओळीनं मांडली आणि पदरानं तोंड पुसून उभी राहिली.

शालिकरामनं सारस उचलला. पन्हळीवरून नख फिरवलं, प्लॅस्टिक कंपनीचंच. चित्र कलतं केलं. कंपनीचा सारस एका झटक्यात पंख उघडे. याचे पंख उघडले, पण चोच जराशी मागून आली. मग त्यानं भिंग लावलं. छापील चित्रात रंगाचे बारीक ठिपके दिसतात, इथं एकही ठिपका नव्हता. केसाएवढ्या रेघा होत्या, ब्रशानं ओढलेल्या. आणि तिजोरीतल्या सारसाचं डोकं पार माथ्यापर्यंत लालभडक होतं, याचा माथा राखी होता.

"कौशल्या, हा कंपनीचा नाही," तो म्हणाला. "हातानं काढेल आहे."

कौशल्यानं वाद घातला नाही. चित्रं गोळा केली, रुमालात बांधली आणि गेली. त्या दिवसापासून ती गल्लीत समोर आली तरी दुसरीकडे पाहू लागली.

त्यानंतर आणखी सारस आले. कोणी गड्डीगोदामातून आणला, कोणी महाल भागातून. सगळ्यांचे माथे राखी. भैय्याजी पोलिसांत जायचं म्हणू लागले. शालिकरामनं त्यांना थोडं थांबायला सांगितलं आणि चित्रं आणणाऱ्या बायकांकडे हलक्या आवाजात चौकशी केली. दोघीतिघींकडून एकच नाव निघालं. महालातल्या मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या यमुताई. कौशल्याही त्यांचीच विद्यार्थिनी होती.

शालिकराम रविवारी त्यांच्याकडे गेला. त्या एकट्या राहत. एका बाईनं टेबलावरच टाकून दिलेला सारस त्यानं खिशातून काढून समोर ठेवला तेव्हा त्यांनी काही नाकारलं नाही. त्याला बसायला सांगितलं आणि वर्गात शिकवावं तशी सगळी रीत सांगितली. पुड्यात निघालेल्या जास्तीच्या चिमण्या सगळ्यांकडे पडून होत्या. त्या कोमट पाण्यात भिजवल्या की प्लॅस्टिक अलगद सुटतं. मग खाली एक रेघ मिटलेल्या पंखांची, एक रेघ उघडलेल्या पंखांची, अशी ओळीनं रंगवत जायची. एका चित्राला आठवडा लागे. पैसे त्या घेत नसत. कौशल्या एकदा त्यांच्याकडे येऊन, पुड्यांपायी दुधाला पैसे उरले नाहीत, काळा चहा पिऊन राहिलो बाई, एवढंच म्हणाली होती. तिथून हे सुरू झालं.

शालिकरामला मात्र दुसरंच विचारायचं होतं.

"बाई, माथा राखी काहून केला? पहिल्या नजरेत पकडल्या जाते."

"सारसाचा माथा राखीच असतो," यमुताई म्हणाल्या. "माझं माहेर साकोलीकडचं. तळ्यावर लहानपणी रोज पाहिलेत. तुमच्या कंपनीच्या चित्रकारानं पाहिलेला दिसत नाही."

"पण जाहिरातीत लाल आहे. ते तर तुम्ही पाह्यलं असन."

"पाहिलं. हात वळेना." त्यांनी चित्र त्याच्याकडे परत सरकवलं. मग म्हणाल्या, "एक मला सांगा. इतके पुडे तुमच्या हातून जातात. एकात तरी सारस निघालेला तुम्ही पाहिलात?"

त्यानं पाहिला नव्हता. कोणाकडून ऐकलाही नव्हता. हा प्रश्न आपल्याला आजवर पडला नाही, याचंच त्याला घरी जाताना नवल वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं भैय्याजींना सरळ विचारलं. भैय्याजींनी सुपारी कातरणं थांबवलं नाही. सारस इकडच्या मालात टाकतच नाहीत, ते म्हणाले. कलकत्त्याकडे एखाददुसरा निघाला असेल. सगळीकडे असंच चालतं.

"तू नकली पकडून राहिला ना? मंग तेवढंच पकड गा. बाकी सोड."

शालिकरामनं खोटं चित्र कधी खरं म्हणून पास केलं नव्हतं, आणि आताही ते त्याला जमण्यासारखं नव्हतं. त्या दुपारी एक बाई राखी माथ्याचा सारस घेऊन आली. त्यानं भिंगातून पाहिलं आणि हे नकली आहे म्हणून सांगितलं. मग त्याच आवाजात पुढचंही सांगितलं, की अस्सल सारस नागपूरच्या पुड्यात टाकलेलाच नाही. पुढच्या बाईलाही तो तेच बोलला. आवाज चढवला नाही, की कोणाला बोलवायला गेला नाही. जी टेबलाशी आली तिला सांगत गेला.

बायकांनी ते मोहल्ल्यामोहल्ल्यात नेलं. महिनाभरात सोनपंखीची खोकी गोदामात छतापर्यंत गेली. भैय्याजींनी पोलिसांचं नाव काढणं सोडून दिलं. कोर्टात उभं राहून अस्सल सारस कुठं आहेत ते सांगायची पाळी आली असती. कंपनीचा एक साहेब येऊन गेला आणि योजना बंद झाली. अकरा पक्षी असलेल्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकून एक मशीन तेवढी दिली. ती जरीपटक्यातल्या कोण्या बाईला लागली. तिला इंदोऱ्यात कोणी ओळखत नव्हतं, त्यामुळे तिचा रागही कोणाला आला नाही.

यमुताईंनी पुन्हा सारस काढला नाही. भैय्याजींनी शालिकरामला कामावरून काढलं नाही, पण टेबलावरून उठवून वजनकाट्यावर पोती तोलायला लावलं, आणि त्याच्याशी बोलणं टाकलं. दिवाळीच्या सुमारास तो आपणच सोडून सीताबर्डीच्या एका छापखान्यात लागला. पगार थोडा कमी होता.

कौशल्या एका संध्याकाळी आपणहून त्याच्या दारात आली. बसली नाही.

"भाऊ, तुम्ही त्या दिवशी हो म्हटलं असतं तर मशीन माह्या घरी आली असती."

"आली असती," शालिकराम म्हणाला.

"मंग?"

भैय्याजींचं, कंपनीचं, त्याला कितीतरी सांगता आलं असतं.

"मले येत नाही ते, कौशल्या."

तिला ते पटलं की नाही, हे तिच्या तोंडावरून कळलं नाही. शालिकरामची बायको ओट्यावर मेथी निवडत होती. कौशल्या तिच्याजवळ खाली बसली आणि एक जुडी ओढून घेऊन निवडू लागली.