झाकणाखालचा भात

आमच्या कोरियात घरचं माणूस बाहेर असलं की त्याच्या वाटीत गरम भात भरून झाकण घालून ठेवतात. माणूस गेलं, की श्राद्धाला तेच झाकण काढून भातात चमचा उभा रोवतात. कधी गेलं तेच ठाऊक नसेल, तर नवव्या महिन्याच्या नवव्या तिथीला.

माझे बाबा, बे उन्शिक, लढाईच्या थंडीत दहा वर्षांचे असताना काकांबरोबर नदी ओलांडून दक्षिणेला आले. "तीन दिवसांत परत ये," असं आजीने सांगितलं होतं. त्याला पंचाहत्तर वर्षं झाली. मधे कुंपण आलं ते आलंच. बाबांनी आजीसाठी चमचा कधी उभा केला नाही. वाटी मात्र रोज भरली.

"एकशे सात वर्षांची बाई अजून तुमच्यासाठी जेवायची थांबली असेल का?" मी एकदा चिडून म्हणाले. दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी.

यंदा डॉक्टरांनी हृदयाचं सांगितलं, तेव्हा आपणहून म्हणाले, "सरहद्दीवर ने. गावची टेकडी एकदा दिसू दे, तिच्याकडे तोंड करून चमचा रोवतो. आईला किती ताटकळत ठेवू?"

एकट्यादुकट्याला तिकडे सोडत नाहीत, म्हणून नवमीच्या सकाळी सहलीची बस धरली. नाक्यावर एक सैनिक ओळखपत्रं तपासत आला आणि बाबांच्या मांडीवरच्या गाठोड्यापाशी थांबला.

"यात काय आहे, आजोबा?"

"आईचं जेवण."

त्याने बाबांच्या सुरकुत्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि पुढे गेला.

वर टेहळणीच्या गच्चीवर नुसतं धुकं. "तीस मिनिटं हं!" वाटाड्या पोरगी, कुमारी मा, ओरडली. पर्यटक धुक्यापुढे उभे राहून फोटो काढत होते, मेले. बाबा दुर्बिणीला चिकटले.

"काय दिसतंय?"

"दूध."

मागे रांग वाढली, तरी हटेनात. पंचवीस मिनिटं गेली. मी त्या वाटाड्या पोरीला गाठलं, "जरा थांबवा ना बस."

"माझ्या हातात नाही हो, ताई. सैनिक दहा मिनिटंसुद्धा वाढवून देत नाहीत." मग ती बाबांजवळ उकिडवी बसली. "आजोबा, टेकडी आहे तिथेच आहे. दिशा तीच. उरकून घ्या ना."

बाबा खाली बसले. गाठ सोडली, झाकण उचललं. मी वाटी दोन टॉवेलांत गुंडाळली होती, त्यामुळे वाफ आली. चमचा उचलला, वाफेवर धरला. मग त्यांनी झाकण परत लावलं.

"गरम आहे अजून," ते म्हणाले.

"बाबा, पुढच्या वर्षी कोण आणणार आहे तुम्हाला इथे?" मी ओरडलेच. तोंडातून गेलं आणि माझी मलाच लाज वाटली. त्यांनी गाठोडं बांधलं आणि माझा हात धरून बसकडे निघाले.

परतताना बाबा खिडकीपाशी बसले. धुकं तसंच होतं.

"पोरी, तीही माझी वाटी भरून ठेवत असेल, नाही?"

"असणारच, बाबा."

"मग मी आलोच नाही म्हटल्यावर... माझ्या भातात चमचा रोवला असेल का गं तिने?"

मी त्यांच्या मांडीवरचं गाठोडं घेतलं, आणि वाटी गार होऊ नये म्हणून पोटाशी धरली.